उंदराची वाकळ

देवकाबाई आमच्या घरी आल्या होत्या वाकळ शिवायला. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या मुलीने पाळलेल्या लाडूच्या पिंजऱ्यातलं अंथरूण उचललं आणि नाकाशी धरलं. मी स्वयंपाकघरातून चहा घेऊन येत होते, ती तिथंच थबकले. ओलं, पिवळं पडलेलं, मुताचा उग्र दर्प येणारं ते फडकं. त्यांनी ते एकदा हुंगलं, थांबल्या, दुसऱ्यांदा हुंगलं. मग गालाला लावलं. 

"अहो, अहो, घाण आहे ते!" मी ओरडले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिंजऱ्यात हात घालून लाडूला बाहेर काढलं, उताणं केलं आणि त्याचे तळपाय खिडकीच्या उजेडात धरले.

"हे पिल्लू ओल्यात बसून राह्यलं, बाई," त्या म्हणाल्या. "पाय पाहा कसे लाल झाले. आठ-पंधरा दिसात सडन हे."

घरात शिवणकामाला आलेली बाई, चहाच्या आधी, माझ्याच हॉलमध्ये मला हे सांगत होती. मला धक्काच बसला. खरं सांगायचं तर आधी अपमानाचा आणि मग, वाकून पाय पाहिल्यावर, खरा.

लाडू म्हणजे गिनी पिग. माझ्या मुलीचा, रेवाचा. ती पाचवीत होती तेव्हा तिच्या मामाने नागपूरहून आणून दिला होता. आम्ही तेव्हा भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो, माझे यजमान फॅक्टरीत होते. माझं माहेर आमगावचं. जिल्हा वेगळा झाला तेव्हा माहेर गोंदियात गेलं आणि सासर भंडाऱ्यात राहिलं, एवढाच काय तो माझ्या आयुष्यातला भूगोल. गिनी पिग कसा पाळतात हे मला कुठून ठाऊक असणार? आधी आम्ही आरा मशीनवरून सागाचा भुसा आणून टाकला, तर तो शिंकायला लागला. मग वर्तमानपत्रं घातली, ती तासाभरात चिंब व्हायची. शेवटी मी रेक्झिनचा तुकडा कापून खाली घातला आणि वर जुनी चादर. पिंजरा वरून स्वच्छ दिसत होता. मी खूश होते.

"रेक्झिन काढा," देवकाबाई म्हणाल्या. "पहिले ते काढा."

"पण मग खाली ओल उतरेल ना?"

"उतरू द्या. खाली उतरली तर पुसता येते. याच्या अंगाखाली राह्यली तर काय करान?"

त्यांचं वय साठीच्या आसपास असावं. बारीक अंगकाठी, कपाळावर मोठं गोंदण, नाकात चमकी. भंडाऱ्याच्या जुन्या वस्तीतलं विणकराचं घर. सासरी दोन हातमाग होते, दोन्ही बंद पडलेले. त्यानंतर देवकाबाई वाकळी शिवू लागल्या. जुन्या लुगड्यांचे थर लावून, चारी बाजूंनी बारीक टाके घालत मध्यापर्यंत जाणाऱ्या त्या जाड वाकळी आमच्या क्वार्टरमधल्या बायकांना फार आवडायच्या. बसने शहापूरच्या फाट्यावर उतरायच्या, तिथून ऑटोने यायच्या. दहाला आल्या की बाराला सुई ठेवायच्या. कितीही आग्रह करा, जेवायला थांबायच्या नाहीत.

"घरी कोण आहे तुमच्या?" मी एकदा विचारलं होतं.

"मालक हायेत."

"ते काय करतात?"

"घरीच असतात. माग बंद हाये ना."

एवढंच. घड्याळाकडे पाहत पिशवी आवरायच्या आणि निघायच्या. आम्हाला वाटायचं, नवरा तापट असेल, वेळेत जेवण लागत असेल.

त्यांच्या सवयी मला अजून दिसतात. खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. दोरा तोंडात ओला करायच्या नाहीत, पाण्याच्या वाटीत बुडवायच्या. आणि कुठलंही कापड हातात आलं की आधी हाताच्या मागच्या बाजूने पाहायच्या आणि मग गालाने. मी विचारलं, तळहाताने का नाही? तर म्हणाल्या, "तळहात खोटं बोलते, बाई. काम करून करून मेलेला असते तो. गालाले कोनी काम लावत नाई, म्हनून गाल खरं सांगते."

लाडूचे पाय पाहिल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या वाकळीचं काम बाजूला ठेवूनच. व्हरांड्यात त्यांनी कापडाचे चौकोन मांडले. कोरा पंचा, जुन्या धोतराचा तुकडा, फ्लॅनेल, टॉवेल, जुन्या लुगड्याचे चार थर. रेवाने मध्येच आपली थंडीत पांघरायची मऊ ब्लँकेट आणून ठेवली, त्या वर्षी सगळीकडे विकायला आलेली, कृत्रिम धाग्याची, फ्लीसची. परदेशात लोक गिनी पिगसाठी हेच लायनर म्हणून पिंजऱ्यात अंथरतात, असं तिने कुठेतरी वाचलं होतं.

देवकाबाईंनी प्रत्येक तुकड्यावर चमचाभर पाणी टाकलं. मग मनात आकडे मोजले आणि एकेका तुकड्यावर गाल टेकवला. जमिनीवर ओणवं होऊन, पदर खोचून. शेजारच्या क्वार्टरमधली बाई गॅलरीतून बघत होती, तिला काय वाटलं असेल देव जाणे.

कोऱ्या पंच्यावर पाणी तसंच थांबलं. "खळ हाये यात. धुतल्याबिगर पिणार नाई." जुन्या धोतराने पाणी लगेच प्यायलं, पण गालाला ओलं लागलं. टॉवेलचंही तेच. आणि ब्लँकेटवर तर पाण्याचे मणी झाले आणि घरंगळत खाली गेले. देवकाबाई मोठ्याने हसल्या. इतकं हसताना मी त्यांना पुढेही कधी पाहिलं नाही.

"हे पाहा तुमचं लायनर! पानी पाहून पळून राह्यलं!"

रेवा हिरमुसली. पण ती माझ्यासारखीच हट्टी. तिने वाचलं होतं की ते चार-पाच वेळा धुवावं लागतं, धुण्याचा सोडा घालून, आणि मऊपणाचं औषध अजिबात घालायचं नाही. आम्ही आठवडाभर ते कापड धूत राहिलो. पुढच्या खेपेला रेवाने खाली टॉवेलची दुहेरी घडी घातली, वर ते कापड, आणि चमचा देवकाबाईंच्या हातात दिला.

पाणी पडलं. क्षणभर वर थांबलं आणि मग दिसेनासं झालं. देवकाबाईंनी गाल टेकवला. उचलला. दुसरा गाल टेकवला. मग वरचं कापड उचलून खालच्या टॉवेलला हात लावला. टॉवेल ओला होता. वरचं कापड कोरडं.

त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाईट वाटलं. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सुताशिवाय दुसरं काही विणलं नव्हतं, त्या घरच्या बाईसमोर एका स्वस्त ब्लँकेटने सुताला मागं टाकलं होतं. कोणी दुसरं असतं तर काहीतरी खोट काढली असती. उन्हाळ्यात गरम होईल, धुण्यात विरेल, असलं काहीतरी. त्या म्हणाल्या, "सूत हारलं, बाई. सूत पिते, पन सोडत नाई. हे पितच नाई, नुसतं खाली देते."

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. आमच्या पाट्यावरचा वरवंटा मागितला. तो त्या ओल्या थरावर ठेवला आणि तशीच दहा मिनिटं वाट पाहिली. वरवंटा काढून पुन्हा गाल लावला.

"देवकाबाई, लाडू किलोभराचासुद्धा नाही. त्याच्यासाठी वरवंटा कशाला?"

"पाहून घेते," त्या म्हणाल्या. "वजनाखाली पानी वर येते का, ते."

थोडं आलं होतं. मग टॉवेलच्या दोनाऐवजी चार घड्या झाल्या, मध्ये जुन्या लुगड्याचा थर आला. असं तीन आठवडे चाललं. टाके आतल्या बाजूला, बाहेर एकही धागा लोंबता नाही, कारण धाग्यात लाडूचं नख अडकलं तर पाय जाईल. पहिली तयार झाली तेव्हा रेवाने तिला नाव दिलं, उंदराची वाकळ. देवकाबाई लाडूला उंदीरच म्हणायच्या. पण येताच चपला काढायच्या आधी त्याचे तळपाय पाहायच्या. लाली कमी होत गेली, पोटावरचे गळलेले केस परत यायला लागले. माझ्या मनात त्यांच्याविषयी माया दाटून आली. एका मुक्या जिवासाठी एवढं करणारी बाई!

टॉवेल घ्यायला मी त्यांना घेऊन भंडाऱ्याच्या बाजारात गेले, तो दिवस तर विसरणं शक्य नाही. दुकानदाराने पाच-सहा टॉवेल पुढ्यात टाकले. देवकाबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि झाकणभर पाणी सरळ पहिल्या टॉवेलवर ओतलं.

दुकानदार उठून उभाच राहिला. "ओ मावशी! क्या कर रहे हो!"

"पाहून राह्यली ना, बापू."

"अहो, नवीन माल आहे!"

"मग? नवीन माल पानी पीत नाई का? नाई पिला तर वाळवून देते, उन्हात उभी राहते मी."

आणि दुसऱ्या टॉवेलवरही ओतलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. त्यांनी चौथा पसंत केला, सगळ्यांत कुरूप, राखी रंगाचा, फुलाफुलांचे तिन्ही नाकारून. दुकानदार शेवटी म्हणाला, "मावशी, माझ्याकडे कामाला या. मलेच माहीत नव्हतं कोणता चांगला हाये ते."

त्यानंतर देवकाबाई यायच्या थांबल्या.

एक आठवडा गेला, दोन गेले. त्यांची कात्री आमच्याकडे राहिली होती, मोठी, काळी, मुठीला चिंधी गुंडाळलेली. त्या कात्रीशिवाय त्यांचं काम कसं चालत असेल? एका रविवारी सकाळी मी रेवाला घेऊन भंडाऱ्याला गेले आणि विचारत विचारत त्यांच्या घरी पोचले. 

दार उघडंच होतं. मी हाक मारली आणि आत पाऊल टाकलं, तोच तो वास आला. 

तो वास मी पुढे दवाखान्यात ओळखायला शिकले. तेव्हा माहीत नव्हता. मला वाटलं घरात काहीतरी मेलंय. पहिल्या खोलीत माग होता, त्याच्यावर गाद्या-पोती रचलेली. त्याच्या पलीकडे खाटेवर एक माणूस कुशीवर निजलेला होता आणि देवकाबाई त्याच्या पाठीशी वाकून काहीतरी करत होत्या. त्या वळल्या, त्यामुळे मला त्यांच्या मागचं दिसलं.

त्या माणसाच्या कमरेखाली, माकडहाडावर, माझ्या पसरलेल्या हाताएवढी जखम होती. कडा काळ्या. आत खोल. 

मी रेवाचे डोळे हाताने झाकले. माझे झाकायला तिसरा हात नव्हता.

"बाहेर बसा," देवकाबाई शांतपणे म्हणाल्या. "पाच मिनटात येते."

ओट्यावर बसलो. इतके दिवस ही बाई आमच्याकडे येत होती, चहा पीत होती, हसत होती, आणि घरी हे. त्यांच्या मालकांना लकवा मारून वर्ष उलटलं होतं, हे मला नंतर कळलं. उजवं अंग गेलेलं. दवाखान्यातून सोडताना सांगितलं होतं की दर दोन तासांनी कूस बदला. त्या बदलत होत्या, दिवसा आणि रात्री. त्या आमच्याकडे असताना शेजारी राहणारी जाऊ बदलायची. म्हणून बाराची ती घाई.

त्या बाहेर आल्या, हात पुसत. मी पिशवीतून कात्री काढून दिली. खाटेवर मी आणखी एक गोष्ट पाहिली होती. त्यांच्या मालकांच्या अंगाखाली उंदराची वाकळ होती, माणसाएवढी.

"तुम्ही... आमच्या लाडूवर आधी करून पाहिलं?" मी विचारलं.

"हो."

"त्याच्यासाठी नव्हतं ते सगळं?"

"नाई, बाई. खोटं कायले बोलू? तुमच्या पिंजऱ्यात मी रेक्झिन पाह्यलं, त्याचे पाय पाह्यले, आन् मले घरची खाट दिसली. माह्या घरीही तेच होतं." त्या ओट्याच्या कडेला टेकल्या. "मी याइच्या खाली रेक्झिन टाकलं होतं. सहा महिने. नवी गादी होती, पोरीनं सासरहून, चिखल्याहून पाठवलेली, खराब होऊ नाई म्हनून. गादी वाचवली मी, बाई. मानूस सडला."

त्या रडल्या नाहीत. मीच रडले.

"कोनाले सांगू? म्हनतीन, बायको कशी पाहते नवऱ्याले. एक डाव चुकली होती. दुसऱ्या डावाले याइच्यावर करून पाहू कशी? म्हनून उंदरावर पाह्यलं."

रेवा एकदम म्हणाली, "म्हणजे तुम्हाला लाडू आवडत नव्हता?"

"नाई," देवकाबाई तिच्याकडे सरळ पाहत म्हणाल्या. "उंदीर कोनाले आवडते? पन उपकार हायेत त्याचे. ते नाई विसरनार."

परतीच्या वाटेवर शहापूरचा फाटा आला तेव्हा रेवा म्हणाली, "आई, त्या खोटं बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं का?"

आमच्या शेजारी एक नर्सबाई राहायच्या. दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन मी पुन्हा गेले. त्यांनी जखम पाहिली आणि देवकाबाईंना एका शब्दानेही बोल लावला नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकार. नुसतं म्हणाल्या, "अंथरूण झकास केलंय. पण आता हे नुसत्या अंथरुणाचं काम नाही, काकू. दवाखान्यात न्यावं लागेल." मालकांना नेलं. मेलेलं मांस काढलं. देवकाबाई तेव्हा आत उभ्या राहिल्या, बाहेर जा म्हटलं तरी गेल्या नाहीत. "मी केलं ते मी पाहीन," म्हणाल्या. ड्रेसिंग कसं करायचं हे शिकून घेतलं आणि पंधरा दिवसांनी घरी आणलं.

त्या घरी मी पुढे अधूनमधून जात राहिले. मालकांशी बोलणं व्हायचं नाही, जीभ जड झाली होती. एकदा देवकाबाईंनीच मला सांगितलं की ती वाकळ पहिल्यांदा अंगाखाली घातली तेव्हा काय झालं. मालकांचा डावा हात चालत होता. त्यांनी बोटांमध्ये कापड धरून चोळलं. चाळीस वर्षं माग चालवलेली बोटं.

"मिल... मिलचं?" त्यांनी विचारलं.

"मिलचं नाई. प्लास्टिकचं हाये," देवकाबाई म्हणाल्या.

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. आयुष्यभर हातमागाशिवाय अंगाला दुसरं कापड लागू न दिलेला माणूस तो. दोन वेळ जेवले नाहीत. देवकाबाईही हट्टाला पेटलेल्या. "मी म्हटलं, नका जेवू. वर प्लास्टिक हाये, खाली तुमच्याच हातचं लुगडं हाये, माह्या लग्नाले विणलेलं. कापलं मी ते. त्यानंच पानी धरलं हाये." 

"लग्नाचं लुगडं कापलं?" मी ओरडलेच.

"मग काय करता? जुनं सूत सगळ्यात जास्त पिते. घरात त्याहून जुनं नव्हतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी कूस बदलताना मालक स्पष्ट म्हणाले, "कोरडं हाय." आणि जेवायला तोंड उघडलं. देवकाबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात कुठलाच विजय नव्हता. जशी हकीकत घडली तशी सांगितली, आणि लगेच उठल्या, कारण दोन तास होत आले होते.

जखम पाच-सहा महिन्यांत भरत आली. मध्यावर रुपयाएवढी राहिली, ती शेवटपर्यंत भरली नाही. पण त्या घरातला तो वास गेला. मालक आणखी सव्वा वर्ष जगले आणि लकव्याच्या दुसऱ्या झटक्याने गेले. देवकाबाईंच्या मांडीवर.

तेराव्याला मी गेले होते. यजमानांची बदली ठरली होती, आमचं सामान बांधणं सुरू होतं, तरी गेले. मंडप लहानच. पंगत बसायच्या बेतात होती. चिखल्याला दिलेली त्यांची मुलगी डोळे सुजवून भांडी काढत होती. देवकाबाई कुठं दिसेनात. मी विचारलं तशी मुलीने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं, आणि तिचा चेहरा लाजेने कसनुसा झाला.

आत पाच-सहा बायका दाराशी घोळका करून उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं.

देवकाबाई मालकांच्या खाटेवर झोपल्या होत्या. भर दुपारी, बाहेर पाहुणे असताना, नवऱ्याच्या तेराव्याला, त्याच्याच खाटेवर. पालथ्या, एक हात खाली लोंबकळत, तोंड उघडं. घोरत होत्या.

"शोभते का हे?" एक वयस्क बाई कुजबुजली. "उठवा तिले. लोक काय म्हनतीन?"

आणखी एक जण पुढे होऊन खांद्याला हात लावायला वाकली, तशी मागून देवकाबाईंची जाऊ आली. जाडजूड, एरवी तोंडातून शब्द न काढणारी बाई. तिने त्या बाईचं मनगट धरलं.

"हात नका लावू," ती म्हणाली. "सव्वादोन वर्सं झाले, ती सलग दोन घंट्यांच्या वर झोपली नाई. मी बाजूच्या घरात राहते, मले माहीत हाये. ज्याले बोलायचं त्यानं बाहेर जाऊन बोलावं."

बायका एकेक करून मागे सरल्या. जावेने खिडकी अर्धी लोटून घेतली आणि बाहेर जाऊन वाढणाऱ्यांना काहीतरी सांगितलं. पंगत बसली. इतकी गप्प पंगत मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. लोक बोटाने खुणावून वाढप मागत होते. पितळी बादली जमिनीवर टेकवतानाही वाढणारा जपत होता.

जेवून मी निरोप घ्यायला पुन्हा आत डोकावले. सांगायचं बरंच काही होतं. बदलीचं, रेवाचं, पत्ता द्यायचा होता. देवकाबाईंनी कूस बदलली होती आणि गुडघे पोटाशी घेतले होते. श्वास संथ चालला होता.

मी दाराशी काढलेल्या चपला हातात घेतल्या आणि गल्लीच्या तोंडाशी गेल्यावर घातल्या.